जुन्या इंटेग्राचा एक्सल: रिबिल्ट कधी घ्यायचा, आणि बसवताना काय चुकतं

मोकळ्या पार्किंगमध्ये स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू गोल फिरवली आणि पुढच्या चाकातून कट-कट-कट असा आवाज चाकाच्या लयीत यायला लागला, की बहुतेक जण लगेच दुकानाकडे धाव घेतात. तिथे "रिबिल्ट", म्हणजे जुनाच उघडून दुरुस्त केलेला एक्सल मिळतो, जुना परत दिला की डिपॉझिट परत मिळतं, आणि काम झालं असं वाटतं. १९९४ ते २००१ या काळातल्या अॅक्युरा (होंडाचाच ब्रँड) इंटेग्रासारख्या गाडीवर नेमका इथेच घोटाळा होतो. होंडाने बसवलेला मूळ एक्सल परत करून लोक पुष्कळदा त्याहून हलका माल घरी आणतात आणि मग गाडी शंभरच्या वेगाला का थरथरते याचा शोध महिनोन्महिने घेत बसतात.

हा लेख इंटेग्रापुरता, त्यातही १.८ लिटरच्या बी-सीरिज इंजिनाच्या आणि मॅन्युअल गिअरबॉक्सच्या गाडीपुरता आहे. टॉर्कचे आकडे एलएस आणि जीएस-आर या मॉडेलांचे आहेत. इंटेग्रा भारतात विकली गेली नाही, पण अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या कुणाच्या गॅरेजमध्ये अजूनही ती असू शकते. एक्सलची पारख मात्र पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या कुठल्याही जुन्या गाडीला तशीच लागू पडते, मग ती पुण्यातली एस्टीम का असेना.

एक्सलमध्ये असतं काय

गिअरबॉक्समधून निघालेली ताकद चाकापर्यंत नेणारा हा दांडा. त्याला दोन अडचणी एकाच वेळी सोडवायच्या असतात. चाक खड्ड्यात वरखाली होतं, म्हणून दांड्याची लांबी सतत थोडी बदलायला हवी. चाक वळतं, म्हणून दांड्याने मोठ्या कोनात वाकूनही फिरत राहायला हवं. दोन्ही कामं दोन टोकांच्या दोन वेगळ्या जॉइंटांकडे वाटून दिलेली आहेत.

चाकाकडचा, म्हणजे बाहेरचा जॉइंट वळण्यासाठी. ट्रकच्या प्रोपेलर शाफ्टवर दिसतो तसा साधा क्रॉसचा जॉइंट इथे चालत नाही. तो ३० अंशांत वाकवला तर एकसारख्या वेगाने फिरवूनही पलीकडचं टोक प्रत्येक फेरीत दोनदा मंदावतं आणि दोनदा पळतं, मूळ वेगाच्या सुमारे ८७ टक्क्यांपासून ११५ टक्क्यांपर्यंत. स्टीअरिंग हातात धरणंच अवघड होईल. म्हणून बाहेरच्या जॉइंटमध्ये सहा गोळ्या असतात. त्या आतल्या आणि बाहेरच्या वाटीतल्या वक्र खाचांमधून सरकतात, आणि पिंजरा त्यांना कायम दोन्ही दांड्यांमधल्या कोनाच्या बरोबर मध्यावर धरून ठेवतो. त्यामुळे दोन्ही बाजूंचा वेग सारखा राहतो. सी.व्ही., म्हणजे कॉन्स्टंट व्हेलॉसिटी (समान वेगाचा) जॉइंट हे नाव त्यावरूनच आलं.

गिअरबॉक्सकडचा, म्हणजे आतला जॉइंट लांबी जुळवण्यासाठी. त्यात तीन हातांचा एक तारा असतो. प्रत्येक हातावर नीडल बेअरिंगवर फिरणारा एक रोलर असतो, आणि हे तीन रोलर बाहेरच्या कपातल्या तीन सरळ खाचांमध्ये आतबाहेर सरकतात. हे "तीन" लक्षात ठेवा, पुढे आजार ओळखताना उपयोगी पडतात.

इंटेग्राच्या बी-सीरिज इंजिनात गिअरबॉक्स गाडीच्या उजव्या बाजूला आहे. उजवा एक्सल थेट गिअरबॉक्समध्ये घुसतो. डावीकडे मात्र इंजिनाच्या मागच्या अंगाला बोल्टने बसवलेला एक मधला शाफ्ट आहे, आणि डावा एक्सल त्याच्या दात्यांवर टोपीसारखा चढतो. या मांडणीमुळे दोन्ही बाजूंचे एक्सल जवळपास सारख्या लांबीचे राहतात आणि जोरात अॅक्सिलरेटर दाबला तरी स्टीअरिंग एका बाजूला ओढत नाही. कामाच्या दृष्टीने फायदा असा, की फक्त डावा एक्सल बदलायचा असेल आणि मधला शाफ्ट जागेवरच राहणार असेल, तर गिअर ऑइल काढावं लागत नाही. उजवा काढलात तर मात्र ऑइल बाहेर येणारच.

आधी दुखणं नीट ओळखा

बूट, म्हणजे जॉइंटवरचं रबरी भाता-आवरण, बहुधा सगळ्यात आधी जातं. घडीच्या तळाशी चीर पडते, ग्रीस उडून रिमच्या आतल्या बाजूला आणि शॉकवर चिकटतं, आणि त्या चिरेतून पाणी, वाळू, थंड प्रदेशात रस्त्यावर टाकलेलं मीठ आत जातं. चीर नवी असेल आणि जॉइंट अजून वाजत नसेल, तर तो बहुतेक वेळा वाचतो. वाजायला लागला, की खाचांमध्ये खड्डे पडलेले असतात. नवं ग्रीस भरून आवाज काही दिवस दबेल, खड्डा बुजणार नाही.

पूर्ण वळणात, वेग कमी असताना कट-कट आवाज आला तर बाहेरचा जॉइंट. डावीकडे वळताना वाजला तर आधी उजवा तपासा, कारण वळणात बाहेरच्या चाकावर भार जास्त येतो. हा नियम शंभर टक्के खरा नाही, म्हणून पुढे आणि मागे, दोन्ही दिशांना गोल फिरवून पाहा.

सरळ रस्त्यावर अॅक्सिलरेटर दाबल्यावर थरथर, आणि पाय काढताच ती गायब, हे आतल्या जॉइंटचं लक्षण. जीएस-आरला कंपनीचा टायर १९५/५५ आर १५ मापाचा. त्याचा घेर सुमारे १.८७ मीटर, म्हणजे ताशी १०० किलोमीटरला चाक सेकंदाला जवळपास १५ फेऱ्या मारतं. तीन रोलर प्रत्येक फेरीत तीनदा अडखळतात, म्हणजे सेकंदाला ४५ च्या आसपास धक्के. हा कंप सीटच्या खालून, घोंघावल्यासारखा जाणवतो. चाकाचा बॅलन्स बिघडला असेल तर धक्का फेरीला एकच, म्हणजे सेकंदाला १५. तो स्टीअरिंगमध्ये जास्त जाणवतो आणि अॅक्सिलरेटरशी त्याला काही देणंघेणं नसतं.

अॅक्सिलरेटर सोडल्या-दाबल्यावर एकदाच "ठक्" झालं तर आधी इंजिनाची माउंटिंग पाहा. वेगाबरोबर वाढणारी सलग गुणगुण असेल आणि हलकं वळण घेतल्यावर तिचा सूर बदलत असेल, तर संशय हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या बेअरिंगवर. नवा एक्सल यातलं काहीच बरं करत नाही.

रिबिल्ट म्हणजे कारखान्यात नेमकं काय होतं

परत आलेला जुना एक्सल, म्हणजे "कोअर", पूर्ण उघडतात, धुतात, आणि जॉइंट तपासतात. चांगला कारखाना झिजलेला जॉइंट बाजूला काढून त्या जागी नवा घालतो. दुसरा मार्ग म्हणजे झिजलेल्या खाचा ग्राइंडिंग करून सरळ करायच्या आणि रुंदावलेल्या खाचेत किंचित मोठ्या मापाच्या गोळ्या बसवायच्या. मग नवे बूट, नवं ग्रीस, रंगाचा हात आणि खोका.

ग्राइंडिंगमध्ये धोका कुठे आहे ते पाहा. जॉइंटचं पोलाद आतून चिवट आणि वरून कडक केलेलं असतं. कडक थर पातळ असतो, आणि गोळ्यांचा सगळा भार त्यावरच पडतो. ग्राइंडिंग त्या थराच्या आत थांबलं तर एक्सल वर्षानुवर्षं चालतो. थर ओलांडून खालच्या मऊ पोलादापर्यंत गेलं, की नव्या गोळ्या तिथे लवकरच खळगे पाडतात. म्हणूनच काही रिबिल्ट एक्सल थोड्याच महिन्यांत पुन्हा कट-कट करू लागतात. बाहेरून पाहून हे कळत नाही. विचारूनच घ्यावं लागतं.

आतल्या जॉइंटचंही तसंच. कपाच्या खाचा घासून मोठ्या केल्या आणि रोलर जुनेच ठेवले, तर मोकळी जागा वाढते आणि वर सांगितलेली थरथर नव्या एक्सलमध्येच घरी येते.

म्हणून पहिला पर्याय तुमचाच जुना एक्सल

गाडीवरचा एक्सल मूळ होंडाचा असेल आणि वाजत नसेल, तर तो परत करू नका. बूट किट आणा, जॉइंट धुऊन तपासा, ग्रीस भरा आणि तोच परत बसवा. वीस-पंचवीस वर्षं चाललेलं मूळ पोलाद आणि मूळ मापं यांना स्वस्तातला पर्याय सहसा तोडीस तोड ठरत नाही. आमच्या मते या गाडीसाठी हाच सगळ्यात चांगला "रिबिल्ट" आहे.

एक्सल वाइसमध्ये धरा, जबड्यांवर लाकूड किंवा तांब्याचा पत्रा ठेवा. आतल्या बुटाचे पट्टे कापा आणि कप ओढून काढा. तारा आणि दांडा यांवर रंगाने खूण करा, कुठला रोलर कुठल्या हातावर होता तेही लिहून ठेवा, कारण प्रत्येक रोलरची झीज आपल्या खाचेशी जुळलेली असते. सर्क्लिप (खाचेत बसणारी कड्यासारखी क्लिप) काढून तारा बाहेर घ्या. बाहेरचा जॉइंट दांड्यावरून काढायची गरज नाही, त्याचा बूट याच आतल्या टोकाकडून सरकवत काढता आणि घालता येतो.

सगळं रॉकेल किंवा पार्ट्स क्लीनरने धुऊन पूर्ण कोरडं करा. बाहेरचा जॉइंट सगळ्या बाजूंना वाकवून प्रत्येक गोळी आणि प्रत्येक खाच टॉर्चच्या उजेडात पाहा. चकचकीत पट्टा दिसला तर हरकत नाही. नख फिरवल्यावर पायरी लागली, खपली उडालेली दिसली, पिंजऱ्याच्या खिडकीत गोळीने घर केलेलं असलं, किंवा पोलाद तापून निळसर झालेलं असलं, तर तो जॉइंट संपला. रोलर बोटाने फिरवा, कचकच नको. कपाच्या खाचेत रोलर जिथे रोज फिरतो तिथे खळगा लागतो का तेही पाहा.

परत बांधताना नवे बूट आधी चढवा, टोकाच्या दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळून, म्हणजे नव्या रबराला चीर जाणार नाही. किटमधलं ग्रीस जॉइंटनिहाय वेगवेगळ्या पाकिटांत येतं. ज्याचं पाकीट त्याच जॉइंटला, पूर्ण रिकामं करा. व्हील बेअरिंगचं साधं ग्रीस इथे चालत नाही, मॉलिब्डेनम असलेलं सी.व्ही. जॉइंटचंच लागतं. बाहेरच्या जॉइंटमध्ये ग्रीस गोळ्यांच्या मागे बोटाने दाबून भरा. नुसतं बुटात ओतून ठेवलं तर खाचांपर्यंत ते पोहोचायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ जॉइंट कोरडा फिरतो. रोलर बसवताना त्यांची उंच कड बाहेरच्या बाजूला हवी. पट्टा आवळण्याआधी जॉइंट त्याच्या सरकण्याच्या अंतराच्या मध्यावर आणा आणि बुटाच्या छोट्या तोंडाखाली बोथट पट्टी घालून आतली हवा सोडा. हवा अडकली तर बूट फुगतो किंवा आत चिकटतो, घड्या एकमेकींवर घासतात आणि तिथेच फाटतात.

विकत घ्यायचाच झाला तर

मूळ जॉइंट गेलेलाच असेल तर विकणाऱ्याला थेट विचारा: कोअर मूळ होंडाचा आहे का, जॉइंट नवा घातला की खाचा ग्राइंड केल्या, आतल्या जॉइंटचे रोलर बदलले का, बूट कशाचे आहेत. बूट साध्या रबराचे असले तर चालतात. थर्मोप्लास्टिकचे कडक असतात, जास्त टिकतात, पण त्यांचे पट्टे आवळायला योग्य पक्कड हवी. "सगळं नवीनच आहे हो" एवढंच उत्तर मिळालं तर पुढे जा.

स्वस्तातले पूर्ण नवे एक्सलही मिळतात. रोजच्या शांत चालवण्याला त्यातले काही ठीक असतात. पण आतल्या जॉइंटची मापं सैल असली की थरथर येते, आणि गाडी खाली बसवलेली असेल तर दांड्याचा कोन वाढलेला असल्याने ती जास्तच जाणवते. भंगारातून मूळ होंडाचा, बूट शाबूत असलेला एक्सल मिळाला तर तो घेऊन त्याला नवे बूट घालणं हा पुष्कळदा यापेक्षा चांगला सौदा ठरतो.

एक्सल घरी आला की जुन्याशेजारी जमिनीवर ठेवून तुलना करा, आणि ती होईपर्यंत जुना परत करू नका. दोन्ही टोकांचे दाते मोजा. दोन्ही एक्सल पूर्ण दाबून आणि पूर्ण ओढून लांबी मोजा. एबीएस असलेल्या गाडीत बाहेरच्या जॉइंटवर दातेरी रिंग असते, तिचेही दाते मोजा. रिंग नसेल किंवा दाते कमी-जास्त असतील तर एबीएसचा दिवा लागेल. डाव्या एक्सलचं आतलं टोक पोकळ, उजव्याचं भरीव दांड्याचं. टाइप आर घेतली असेल तर तिचे एक्सल वेगळे आहेत. तिचा हब नट ३६ मिलिमीटरचा आहे, बाकी मॉडेलांचा ३२ चा. टॉर्कही वेगळा, तो तिच्याच मॅन्युअलमधून घ्यावा.

मग बाहेरचा जॉइंट हाताने वाकवा. हालचाल घट्ट पण सगळीकडे सारखी हवी. मध्येच अडखळ जाणवली किंवा दांडा धरून हलवल्यावर खडखड वाजली, तर न बसवताच परत पाठवा.

बसवण्याचं काम

लागेल ते आधी जमवा: नवा हब नट, आतल्या टोकाचं नवं सर्क्लिप, शॉकखालच्या फोर्कच्या खालच्या बोल्टाचा नवा सेल्फ-लॉकिंग नट, बॉल जॉइंटची नवी पिन, उजव्या बाजूसाठी नवं ऑइल सील, ड्रेन आणि फिलर प्लगचे वॉशर, आणि गिअरबॉक्ससाठी होंडाचं एमटीएफ, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल. ऑइल बदलताना सुमारे २.२ लिटर लागतं.

गाडी चाकांवर उभी असतानाच सुरुवात करा. हब नटाची कड एक्सलच्या खाचेत ठोकून वाकवलेली असते. ती छिन्नी किंवा पंचने आधी पूर्ण सरळ करा, नाहीतर नट सुटताना एक्सलचा आटा खरवडून काढतो. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि ३२ चा सॉकेट, अर्ध्या इंचाचा लांब दांडा आणि गरज पडल्यास त्यावर पाइप लावून नट सैल करा. नट सैल झाल्यावर गाडी एक फूटही पुढेमागे ढकलू नका. हब बेअरिंगच्या दोन्ही आतल्या रिंगा याच नटाच्या दाबाने एकत्र धरलेल्या असतात. दाब नसताना गाडीचं वजन त्यावर फिरलं तर बेअरिंग जातं, आणि आठवड्याभराने गुणगुण सुरू झाली की दोष नव्या एक्सलला मिळतो.

मग गाडी उचलून भक्कम स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच जाऊ नका, या कामात तर जोर लावून ओढाताण करावी लागते. उजवी बाजू असेल तर ऑइल काढा. आधी फिलर प्लग सुटतो का ते पाहा आणि मगच ड्रेन प्लग काढा. ऑइल काढून झाल्यावर फिलर अडकलेला सापडला तर गाडी तिथेच बसते. ड्रेन प्लगला ३/८ इंचाचा चौकोनी दांडा थेट बसतो. परत लावताना ड्रेनला ३९ न्यूटन-मीटर, फिलरला ४४.

इंटेग्रात शॉकचं खालचं टोक चिमट्यासारख्या फोर्कमध्ये असतं आणि एक्सल त्या फोर्कच्या दोन पायांमधून जातो. म्हणून फोर्क काढावाच लागतो: वरचा १४ चा पिंच बोल्ट आणि खालचा १७ चा बोल्ट. गंजलेला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

यानंतर खालचा बॉल जॉइंट, म्हणजे नकल (हब धरून ठेवणारा भाग) आणि लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) यांना जोडणारा सांधा. पिन काढा, नट शेवटच्या आट्यांपर्यंत सैल करा, पण पूर्ण काढू नका. तो सुटताना आर्म खाली झेपावू देणार नाही आणि आट्यालाही सांभाळेल. दुकानात मिळणारा दोन दातांचा चिमटा ठोकून घातला तर बॉल जॉइंटचं रबर हमखास फाटतं. पुलर वापरा. पुलर नसेल तर लोअर आर्मच्या ज्या भोकात बॉल जॉइंटचा दांडा बसलेला असतो, त्या भोकाच्या बाजूच्या धातूवर हातोड्याने दोन-चार ठाम ठोके द्या. धातू क्षणभर ताणला जाऊन निमुळता दांडा सुटतो. टाय रॉड काढायची गरज पडत नाही, त्यामुळे अलाइनमेंटही बिघडत नाही.

आता नकल बाहेरच्या बाजूला झुलवा आणि एक्सलचं टोक हबमधून आत ढकला. चिकटलं असेल तर जुना नट टोकाशी समपातळीत येईल इतका फिरवा आणि त्यावर प्लास्टिकचा किंवा पितळेचा हातोडा वापरा. उघड्या आट्यावर लोखंडी हातोडा मारला तर टोक फुगतं आणि मग त्यावर कुठलाच नट चढत नाही. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, यावर एक डोळा ठेवा.

आतलं टोक काढताना दांडा धरून ओढणं ही या कामातली सगळ्यात नेहमीची चूक. तारा कपातून बाहेर येतो, रोलर सुटतात आणि बूट ताणून फाटतो. आतल्या जॉइंटचा कप आणि गिअरबॉक्सचं अंग यांच्या मध्ये छोटी पहार किंवा मोठा स्क्रू-ड्रायव्हर घालून झटका द्या. सर्क्लिप सुटून कप पाव-अर्धा इंच बाहेर आला की मग कपाला धरून सरळ ओढा, तिरका नको, नाहीतर दाते ऑइल सीलचा रबरी ओठ फाडतात. डाव्या बाजूला तोच कप मधल्या शाफ्टवरून हलक्या ठोक्यांनी उतरवायचा.

उजव्या बाजूचं ऑइल सील उघडं पडलेलंच असतं, तेव्हा ते बदलूनच टाका. काढण्याआधी ते किती खोल बसलं होतं ते मोजून ठेवा, नवं तेवढंच आत, चारी बाजूंनी सारखं बसवा, आणि ओठाला गिअर ऑइलचा हात द्या.

नव्या एक्सलवर नवं सर्क्लिप घाला. जुन्या सर्क्लिपमधला ताण कमी झालेला असतो. सर्क्लिपची उघडी फट खाली राहील असा एक्सल धरून आत सरकवा आणि शेवटी कपाला एक झटका द्या. सर्क्लिप खाचेत बसल्याचा टक् आवाज हाताला जाणवतो. मग कपाला धरून बाहेर ओढून बघा, तो हलता कामा नये. ही तपासणी टाळली तर एक्सल थोड्या किलोमीटरवर सरकून बाहेर येतो, ऑइल रस्त्यावर जातं आणि गाडी गिअरमध्ये असूनही हलत नाही.

बाहेरचं टोक हबच्या दात्यांत घाला. हातोड्याने ठोकू नका, नट फिरवतच आत ओढून घ्या. बॉल जॉइंटचा नट ४९ ते ५९ न्यूटन-मीटरला आवळा. पिनेचं भोक जुळत नसेल तर नट पुढेच फिरवा, मागे सोडू नका. फोर्कचा वरचा पिंच बोल्ट ४३ न्यूटन-मीटर. खालचा ६४, पण तो आर्मखाली जॅक लावून गाडीचा भार त्यावर आल्यावरच. चाक लोंबकळत असताना आवळला तर आतलं रबरी बुश पीळ पडलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. चाकाचे नट १०८ न्यूटन-मीटर.

चाक लावून गाडी जमिनीवर उतरवा, ब्रेक दाबून धरायला सांगा आणि हब नट १८१ न्यूटन-मीटरला, म्हणजे १३४ फूट-पाउंडला आवळा. इथे टॉर्क रेंचच हवा. "चांगला टाइट केला" म्हणून सोडलेला नट कमी पडला तर बेअरिंग डुगडुगतं आणि जास्त झाला तर घासून तापतं. इम्पॅक्ट गनने तर मुळीच आवळू नये. शेवटी नटाची कड पंचने एक्सलच्या खाचेत पूर्ण वाकवा. उजवी बाजू केली असेल तर गाडी सपाट जमिनीवर ठेवून फिलरच्या भोकातून ऑइल ओघळेपर्यंत भरा.

पहिल्या फेरीनंतर

आधी पार्किंगमध्ये दोन्ही बाजूंना पूर्ण वळण घेऊन पाहा, मग सपाट रस्त्यावर हलक्या आणि जोरकस अॅक्सिलरेटरवर. दुसऱ्या दिवशी गाडीखाली पुठ्ठा टाकून सीलजवळ ओल दिसते का बघा. काही दिवसांनी बुटाच्या तोंडाशी ग्रीसचा बारीक फवारा दिसला तर पट्टा सैल आहे, तेवढाच बदला.

नवीन एक्सलवर अॅक्सिलरेटर दाबताच थरथर आली, आणि जुन्या एक्सलवर ती नव्हती, तर चाकं बॅलन्स करण्यात आणि माउंटिंग बदलण्यात पैसे घालवू नका. आतला जॉइंट खराब आहे. पावती काढा, एक्सल परत द्या, आणि जुना मूळचा एक्सल अजून गॅरेजच्या कोपऱ्यात असेल तर त्याला बूट किट मागवा.